पाइपापेक्षा पिटाकडे बघा: खाडीच्या मातीत रस्त्याखालून वाहिनी ढकलताना जमीन किती खचते

तुम्ही कळवलेली परिस्थिती अशी: सानपाड्यात तुमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्याखालून मलवाहिनीचा १२०० मिमीचा आरसीसी पाइप ढकलत नेतायत. पाइपाचा मध्य जमिनीखाली ५ मीटर, कंपाउंड वॉलपासून ३ मीटर, इमारतीच्या पहिल्या कॉलमपासून ८ मीटर. मशीन उतरवायचा खड्डा (पिट) चौकात, इमारतीच्या कोपऱ्यापासून १२ मीटरवर आणि साडेसहा मीटर खोल. गेटजवळचे पेव्हर ब्लॉक खाली बसलेत, भिंतीला तडा गेलाय. कंत्राटदाराचा माणूस म्हणतो, ‘ट्रेंचलेस (रस्ता न खणता केलेलं) काम आहे, काही होत नाही.’ कमिटीतले काही जण म्हणतात, काम बंद पाडा. इमारतीला धोका आहे का, हा तुमचा प्रश्न.

पाइपामुळे इमारतीला जवळजवळ काही होणार नाही. खड्ड्यामुळे आणि त्यातल्या पंपामुळे होऊ शकतं. आणि काम अर्ध्यावर बंद पाडलंत तर ते सगळ्यात वाईट. असं का म्हणतो ते आकड्यांनी सांगतो, म्हणजे तुम्हाला साइटवर इंजिनियरशी बोलताना हातात काहीतरी असेल.

आधी तुमच्या पायाखाली काय आहे ते बघू. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको आली तेव्हा खाडीकाठचा हा पट्टा म्हणजे खाजण, मिठागरं आणि भातशेती. त्यावर मुरमाचा भराव टाकून सेक्टर उभे राहिले. वर दीड-दोन मीटर मुरूम, त्याखाली पाच-दहा मीटर, कुठे त्याहूनही जास्त, काळी-करडी खाडीची माती, मग झिजलेला बेसाल्ट आणि शेवटी पक्का दगड. ही काळी माती, जिला आम्ही मरीन क्ले म्हणतो, मुठीत घेऊन दाबली तर बोटांच्या फटींतून बाहेर येते. तिच्यातल्या पाण्याचं वजन कोरड्या मातीच्या वजनाच्या ७०-८० टक्के सहज भरतं. ताकद? चौरस मीटरला दीड टन धरा, म्हणजे १५ किलोपास्कल. काही ठिकाणी तेवढीही मिळत नाही. पाणी जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर. सेक्टरांच्या कडेचे धारण तलाव बघा, भरतीला त्यांच्या झडपा बंद आणि ओहोटीला उघड्या. खाडीची पातळी आपल्या रस्त्यांच्या किती जवळ आहे, याचा तो रोजचा पुरावा आहे.

आता पाइप. १२०० मिमीचा पाइप बाहेरून १४४० मिमी असतो, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ १.६३ चौरस मीटर. तो सहज सरकावा म्हणून मशीन जरा मोठं भोक पाडतं. सगळीकडून २० मिमी जादा धरलं तर दर मीटरला ९० लिटरच्या वर पोकळी होते. तिच्यात बेंटोनाइट (पाण्यात कालवलेली बारीक चिकणमाती) दाबाखाली भरलेलं राहिलं तर माती आत येत नाही. नीट चाललेल्या कामात एकूण नुकसान, म्हणजे पाइपाच्या जागेपेक्षा जादा हरवलेली माती, छेदाच्या २ टक्क्यांवर ठेवता येतं. म्हणजे दर मीटरला ३३ लिटर, दोन बादल्या माती. बेंटोनाइट नावापुरतंच असेल तर ६ टक्के. आणि तोंडावरून माती कोसळली, तर २० टक्केसुद्धा मी पाहिलंय.

ही हरवलेली माती वर खळगा होऊन दिसते. खळग्याचा आकार घंटेला उलटं ठेवल्यासारखा: मधोमध सर्वात खोल, कडेला हळूहळू सपाट. १९६९ साली मेक्सिको सिटीच्या परिषदेत रॅल्फ पेकने हे मांडलं, आणि १९८२ मध्ये ओरायली आणि न्यू यांनी त्या खळग्याच्या रुंदीचं एक माप, मध्यापासून उतार सर्वात तीव्र असतो तिथपर्यंतचं अंतर, खोलीशी जोडून दिलं: चिकणमातीत खोलीच्या निम्मं, वाळूसारख्या मोकळ्या मातीत पाव ते एकतृतीयांश. तुमच्याकडे ५ मीटर खोली, म्हणजे ते माप, ज्याला आम्ही ‘आय’ म्हणतो, अडीच मीटर. मधली सर्वात खोल जागा काढायची तर हरवलेली माती भागिले अडीच पट आय. बस्स, कागदाच्या चिठोऱ्यावर होतं.

२ टक्के नुकसानीला रस्त्याच्या मधोमध ५ मिमी. ६ टक्क्यांना १५-१६ मिमी. २० टक्क्यांना ५२ मिमी. ३ मीटरवरच्या तुमच्या भिंतीशी याच्या साधारण निम्मं: अडीच, साडेसात आणि २५ मिमी. आणि ८ मीटरवरच्या कॉलमशी? मधल्या आकड्याच्या दीडशेव्या भागाहूनही कमी. म्हणजे रस्त्यात ५२ मिमीचा खड्डा पडला तरी तुमच्या कॉलमला पाइपामुळे अर्धा मिलिमीटरही जाणवणार नाही. इमारतीच्या बाबतीत साधारण १० मिमी खचणं आणि ५०० त १ उतार, याच्या आत असलं की काळजी करत नाहीत. तुम्ही त्याच्या आसपासही नाही.

भिंतीचं मात्र वेगळं. कंपाउंड वॉल फुटभर खोल पायावर, बहुतेक भरावातच उभी. तिला तडा गेला तर नवल नाही, आणि तो कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा. त्यावर एवढंच.

खरी काळजी त्या खड्ड्याची. सोपा हिशोब आहे. मातीचं वजन घनमीटरला १६ किलोन्यूटन, खोली ६.५ मीटर, गुणाकार १०४. त्याला ताकदीने, म्हणजे १५ ने भागा. उत्तर ७ च्या जवळ. मऊ चिकणमातीत हे उत्तर ६-७ च्या घरात गेलं की खड्ड्याचा तळ वर फुगायला लागतो. बाजूची माती आपल्याच वजनाने खाली बसते, खड्ड्याच्या खालून वळसा घालून आत येते. वरून बघणाऱ्याला वाटतं, कालपर्यंत साफ केलेला तळ आज परत भरला. मजूर म्हणतात, ‘साहेब, चिखल संपतच नाही.’ तो संपणार नाहीच, तो तुमच्या पार्किंगखालून येतोय.

मऊ मातीतल्या अशा खड्ड्याशेजारी त्याच्या खोलीच्या १-२ टक्के खचणं ही जुन्या अनुभवाची साधारण मर्यादा. म्हणजे कडेला ६५ मिमी, बिघडलं तर १३०. आणि ते कमी होत होत खोलीच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत जातं, म्हणजे १३ ते २० मीटर. तुमचा कोपरा १२ मीटरवर आहे. पाइप ८ मीटरवर असून पोचत नाही, खड्डा १२ मीटरवर असून पोचतो. कमिटीत सगळे पाइपाबद्दल भांडतायत, खड्ड्याकडे कुणी बघत नाही, कारण त्याच्याभोवती पत्रे लावलेत.

म्हणून पहिलं विचारा: शीट पाइल, म्हणजे खड्ड्याच्या कडेने जमिनीत ठोकलेले लोखंडी पत्रे, किती खोल गेलेत? काळी माती ओलांडून खालच्या मुरमात रुतलेत का, की चिखलातच लटकतायत? आडव्या टेकूंचे किती थर, आणि पहिला टेकू किती खोदल्यावर लावला? खूप ठिकाणी दोन-अडीच मीटर खोदून झाल्यावर लावतात, तोवर पत्रा वरून आत झुकलेला असतो. तो मग मागे जात नाही. जॅकच्या मागची भिंतही बघा. पाइप ढकलायला दीड-दोनशे टन जोर लागतो. तो जोर मागे चिखलावरच टाकला तर चिखल मागे सरकतो आणि खड्ड्यामागचा रस्ता वर उचलला जातो.

आता पंप, ज्याला कुणीच गुन्हेगार मानत नाही. पाण्याची पातळी १ मीटर उतरली की मातीवर चौरस मीटरला १ टन जादा ओझं पडतं, वर काहीही न ठेवता. ६ मीटर जाड मरीन क्लेला एवढं ओझं कायम राहिलं तर ती शेवटी ६० मिमीच्या आसपास बसते. ‘शेवटी’ म्हणजे सावकाश. निम्मं बसायला दीड-दोन वर्षं, तीन महिन्यांत जेमतेम पाचवा हिस्सा, १०-१२ मिमी. म्हणून काम आटोपलं, पाणी परत वर आलं, तर थोडक्यात निभावतं. पण तोच पंप दीड वर्ष चालू राहिला तर हिशोब पूर्ण बदलतो. आणि हा खळगा पाइपासारखा अरुंद नसतो, आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्या एकदम घेतो. कुणाची तक्रार कशामुळे, हे सांगताच येत नाही.

याच कारणासाठी म्हणतो, अर्ध्यावर बंद पाडू नका. काम थांबलं तरी खड्डा उघडाच, पंप चालूच. पाइपाभोवतीचं बेंटोनाइट घट्ट होतं, माती पाइपाला पकडते, आठवड्याभराने परत ढकलायला दीडपट-दुप्पट जोर लागतो. एकदा पाइप अडकला की मग मशीन काढायला त्यासमोरच नवा खड्डा, कदाचित तुमच्या गेटसमोर. भांडायचं तर खड्डा खोदण्याआधी. सुरू झाल्यावर, लवकर आणि नीट संपवा असाच आग्रह धरा.

तुमची इमारत कशावर उभी आहे? इथे फोन करून सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही, मंजूर नकाशातल्या पायाच्या ड्रॉइंगवरूनच कळेल. दगडापर्यंत गेलेल्या पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) असतील तर इमारत जागची हलत नाही, भोवतालची जमीन खाली जाते. प्लिंथपासून पेव्हर ब्लॉक सुटतो, पायरीला एक जादा पायरी लावावी लागते, आणि खरी गोष्ट म्हणजे इमारतीतून बाहेर पडणारा ड्रेनेजचा पाइप प्लिंथच्या तोंडाशी मोडतो. नवी मुंबईत हे काम नसतानाही दिसतं, कारण भरावाखालची माती अजून थोडी थोडी बसतेच आहे. उलट उथळ पायाच्या जुन्या तीन-चार मजली इमारतीत कोपरा खचला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. भेगेचं मोजमाप करताना घाबरू नका: १ मिमीपर्यंतची रंगाखाली झाकली जाते, ५ मिमीपर्यंत भरून प्लास्टर करता येते. त्यापुढे दरवाजे अडकायला लागतात, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवायचाच. जुनी भेग ओळखायची खूण म्हणजे आतला रंग आणि कोळिष्टकं. ताज्या भेगेच्या कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतात.

एक माझीच फजिती सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी खाडीलगतच्या एका नोडमध्ये (नवी मुंबईच्या एका उपनगरात) असंच काम होतं, मी सल्लागाराकडून साइटवर. रस्त्यावर डांबरात खिळे ठोकून दर दोन दिवसांनी ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) रीडिंग घेत होतो. २ मिमी, ३ मिमी, परत ३. मी सह्या करत होतो. एका रात्री शेजारच्या सोसायटीचा वॉचमन आला. म्हणाला, ‘साहेब, आमचं गेट रात्री आपोआप उघडतंय.’ चाकावर रुळावरून सरकणारं लोखंडी गेट. त्याने चाकाखाली पेव्हर ब्लॉक लावून ठेवला होता. मी हसलो. सकाळी गेटच्या रुळावर लेव्हल धरली, सहा मीटरच्या रुळात एक टोक २२ मिमी खाली.

मग मुकादमाची वही मागितली. एक पाइप अडीच मीटर लांब, भोकासकट जागेवरची माती ४.३ घनमीटर, सैल होऊन साडेपाचच्या आत. अर्ध्या घनमीटरची बकेट, म्हणजे पाइपामागे अकरा बकेट. वहीत दोन पाइपांपुढे सोळा आणि सतरा लिहिलेलं होतं. मुकादम हिशोबाला पक्का होता, त्याला बकेटमागे पैसे मिळत होते. इतके दिवस आम्ही कुणी ती वही उघडलीच नव्हती. डांबराला कोअर मारला, म्हणजे गोल भोक पाडलं, आणि हात आत घातला तर कोपरापर्यंत गेला. डांबर आणि खडीचा थर पुलासारखा पोकळीवर ताठ उभा होता, आणि माझे खिळे त्या पुलावर होते.

तेव्हापासून मी डांबरातल्या खिळ्यावर विश्वास ठेवत नाही. मीटरभर लांब सळई, भोवती प्लास्टिकचा पाइप, जेणेकरून सळई खालच्या मातीबरोबर हलेल, वरच्या डांबराबरोबर नाही. आणि बेंचमार्क, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ती स्थिर खूण, खड्ड्याजवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या ओट्यावर नको, तो स्वतःच बसतो. पाइलवर उभ्या पुलाचा खांब सापडला तर उत्तम. काम सुरू व्हायच्या आधीची निदान तीन रीडिंग हवीत. तुमच्याकडे आता ती नसतील तर आज घ्या, नसल्यापेक्षा बरं.

सोसायटीला यंत्राशिवायही दोन गोष्टी करता येतात. एक, बकेट मोजा. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये पाइप उतरवल्याची वेळ आणि डंपर भरल्याची वेळ लिहा. दोन, पंपाचं पाणी प्यायच्या पाण्याच्या मोकळ्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला नखाएवढा गाळ असेल तर चालेल. बोटाच्या पेराएवढा असेल तर पंप पाणी नाही, जमीन उपसतोय. सलग तीन दिवस असं दिसलं तर तारीख लिहून बाटल्या सांभाळून ठेवा, फोटो काढा आणि पालिकेच्या इंजिनियरला लेखी द्या.

बकेट मोजायला मशीन कुठलं आहे ते कळलं पाहिजे. उघड्या तोंडाची शील्ड, जिच्यात माणूस पुढे बसून खोदतो, ती या मातीत मला नको वाटते. तोच भागाकार पाइपाच्या खोलीला लावा: १६ गुणिले ५ भागिले १५, उत्तर ५ च्या वर. ६ ला तोंड कोसळतं, पण ५ लाच माती टूथपेस्टसारखी आत पिळत येते. दाबाखाली चालणारं स्लरी मशीन असेल तर बरं, त्यात बकेट नसतात, टाकीतला गाळ मोजावा लागतो आणि तो त्यांच्याच हातात असतो.

ठाण्याकडचे मित्र सांगतात, आमच्याकडे तर दगड आहे, प्रश्नच नाही. येऊरच्या पायथ्याशी, पोखरण रोडच्या बाजूला, खरा दगड असेल तर खरंच नाही. पण घोडबंदर पट्ट्यात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. तिथे एकाच भोकात खाली दगड आणि वर मुरूम येतो. मशीन खालचा दगड घासत तासन्‌तास एकाच जागी उभं, आणि तेवढा वेळ वरचा मुरूम ओघळत आत. माझ्या अनुभवात सर्वात खोल खळगे शुद्ध चिखलात नाहीत, या सरमिसळ मातीत पडले. मुरमात खळगा अरुंद असतो, म्हणून भिंत वाचते आणि रस्ता सरळ खाली जातो.

फायबर आणि गॅसच्या छोट्या नळ्या एचडीडीने (आडवं ड्रिलिंग करून) टाकतात, त्यांच्यात ही भानगड नसते. तिथे उलट होतं, जास्त दाबाने बेंटोनाइटचा राखाडी चिखल तुमच्या बागेतून वर येतो. घाण दिसते, धोका फारसा नाही.

जमिनीखालच्या जुन्या लायनींना मात्र विसरू नका. पीईची (प्लास्टिकची) गॅस लाइन वाकते, टिकते. मातीच्या भाजलेल्या जुन्या गटारपाइपाचे सांधे मात्र उतार बदलला की उघडतात. पाण्याची लाइन गळायला लागली तर आणखी वाईट, कारण ते पाणी माती धुऊन पाइपाभोवतीच्या पोकळीत नेतं. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं, त्यामुळे गळती फक्त त्या तासांत चालते आणि दुपारी पाहणीला आलेल्या माणसाला सगळं कोरडं दिसतं. पाणी सुटायच्या वेळी सकाळी खड्ड्यात डोकावून बघा, एखाद्या कोपऱ्यातून अचानक धार वाढली का. पाइप पूर्ण गेल्यावर बेंटोनाइटच्या जागी सिमेंटचं ग्राउट भरलं का, आणि किती पोती, हेही लेखी घ्या. दर मीटरला नव्वद लिटर पोकळी आहे. शंभर मीटरला नऊ घनमीटर. पाच-सहा पोत्यांत ती भरत नाही.

शेवटचं तुम्ही विचारलंत, पेव्हर ब्लॉक आत्ताच उचलून बसवून घ्यावेत का, कंत्राटदार पावसाळ्याआधी करून द्यायला तयार आहे. घेऊ नका. खाली थोडं बसणं बाकी आहे, पंप बंद झाल्यावर पाणी वर येईल, एक पावसाळा जाऊ दे. त्याच्याकडून दिवाळीनंतर करून देण्याचं पत्र लिहून घ्या आणि तोवर गेटजवळच्या खळग्यात नुसती ग्रिट (बारीक खडी) टाका, सिमेंट नको. गेटच्या रुळाची लेव्हल मात्र उद्याच घ्या.